दगडी चर्चची दुरुस्ती : सिमेंट कालवण्याआधी

भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांत ओल चढलेली, रंगाचे पोपडे सुटलेले, पावसाळ्यात वेदीच्या मागे पाणी उतरतं आणि छताच्या एका वाशाला वाळवी लागली आहे. शंभर-सव्वाशे वर्षांच्या कुठल्याही दगडी चर्चमध्ये किंवा चॅपेलमध्ये आज ना उद्या ही वेळ येते. मग मंडळीची बैठक बसते, वर्गणीचा अंदाज काढला जातो आणि कोणीतरी ओळखीचा ठेकेदार येऊन सांगतो : बाहेरून सिमेंटचं प्लास्टर, आत व्हिट्रिफाइड टाइल्स, वर पीओपीचं फॉल्स सीलिंग. नाताळापर्यंत सगळं चकाचक.

या तीनही गोष्टी जुन्या दगडी इमारतीचं आयुष्य कमी करतात. ते का, आणि त्याऐवजी काय करायला हवं, हे समजायचं तर आधी ही इमारत मुळात उभी कशी आहे ते पाहावं लागतं.

नाशिकला हा विषय परका नाही. शरणपूरची ख्रिस्ती वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवली. गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे राहून शिकली, सुतारकाम-लोहारकामासारखे हातचे धंदे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेचा शोध घेणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या मोहिमेत होता आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये लिव्हिंगस्टनच्या शवपेटीला त्याने खांदा दिला. देवळालीला छावणी आली, नाशिक रोडला बाळ येशूचं मंदिर झालं आणि फेब्रुवारीच्या यात्रेला तिथे सर्व धर्मांचे लोक येऊ लागले. शाळा, रुग्णालय, छावणी अशा संस्थांची स्वतःची प्रार्थनागृहं म्हणजे चॅपेलं. वस्तीतल्या मंडळीचं ते चर्च. बांधकामाच्या दृष्टीने मोठं चॅपेल आणि चर्च यांत फारसा फरक नसतो, म्हणून पुढचं सगळं दोघांनाही लागू आहे.

पारंपरिक चर्चचा नकाशा लांबट असतो. पश्चिमेकडून आत शिरायचं आणि पूर्वेकडे तोंड करून बसायचं, ही जुनी रीत. जागेच्या अडचणीमुळे ती प्रत्येक ठिकाणी पाळली गेलेली नाही. मधल्या लांब दालनाला नेव्ह म्हणतात. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगांपलीकडे अरुंद ओवऱ्या. पुढे एखाद-दोन पायऱ्या चढून वेदीचा भाग. हा आराखडा रोमन लोकांच्या सभागृहांवरून आला. ख्रिस्ती उपासनेत सगळ्या मंडळीला आत एकत्र बसायचं असतं, त्यामुळे छोटा गाभारा आणि बाहेर मंडप अशी रचना तिला चालत नाही. मोठं छत लागतं, आणि मोठ्या छताबरोबर पुढच्या सगळ्या अडचणी येतात.

वेदी कुठे आहे हे मात्र नीट बघावं. कॅथलिक चर्चमध्ये पूर्वी वेदी मागच्या भिंतीला टेकलेली असे आणि फादर लोकांकडे पाठ करून मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, करत. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर जगभर वेद्या भिंतीपासून पुढे आल्या आणि फादर लोकांसमोर तोंड करून उभे राहू लागले. विसाव्या शतकातल्या चर्चमधल्या कितीतरी फेरफारांचं कारण गळती किंवा तडे नव्हतं. उपासनेची पद्धतच बदलली होती. काही ठिकाणी हा बदल जपून झाला. काही ठिकाणी कोरीव लाकडी वेदी मोडून तिचं सामान विकलं गेलं, आणि ते आता परत मिळणार नाही.

आता वजनाकडे येऊ. उतरतं छत सरळ खाली दाबत नाही, ते भिंतींना बाहेरही ढकलतं. रंगाऱ्याचा घोडा डोळ्यांसमोर आणा : दोन्ही पाय फाकून गुळगुळीत फरशीवर ठेवला आणि वर माणूस चढला की पाय बाहेर सरकायला लागतात, मध्ये बांधलेली दोरी ते धरून ठेवते. आपल्याकडच्या चर्चच्या छतातली सागवानी कैची, म्हणजे छत पेलणारा लाकडी त्रिकोणी सांगाडा, हेच काम करते. तिची खालची आडवी तुळई म्हणजे ती दोरी. म्हणून झुंबर टांगायला अडचण होते किंवा फॉल्स सीलिंग वर घ्यायचं आहे म्हणून ती तुळई कापणं हे इमारतीवर केलेलं सगळ्यात वाईट काम. भिंती लगेच पडत नाहीत. काही वर्षांनी त्या वरच्या बाजूने बाहेर कलतात, आणि मग भिंतीचा पाया खचला असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

जिथे लाकडी कैचीऐवजी दगडी कमानीचं छत असतं तिथे हा बाहेरचा रेटा फार मोठा होतो. टोकदार कमान वापरली की तो गोल कमानीपेक्षा कमी होतो, कारण वजन जास्त उभं खाली उतरतं. युरोपातल्या गॉथिक कारागिरांना हे हिशेबाच्या सूत्रांशिवाय, अनुभवातून कळलं होतं. उरलेला रेटा पेलायला भिंतीला बाहेरून जाड दगडी धिरे देतात. मुंबईच्या फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलच्या पूर्व टोकाला गेलात तर भिंतीपासून सुटे, हवेतून कमानीसारखे टेकलेले धिरे दिसतील. हे चर्च १७१८ च्या नाताळात उघडलं आणि चर्चगेट हे नाव याच चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून आलं. त्याच्या जीर्णोद्धाराला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. नाशिकच्या मंडळीने दुरुस्तीआधी एखादी सहल काढायची असेल तर मी तिथेच जायला सांगेन.

पॅरिसचं सँत-शापेल हे तर खुद्द राजाने शहराच्या मध्यभागी बांधलेलं चॅपेल. १२४८ मध्ये त्याचं समर्पण झालं. वरच्या मजल्यावर भिंत जवळजवळ नाहीच, १५ मीटर उंचीच्या काचाच काचा. मग छताचा रेटा कोण धरतं? बाहेर धिरे आहेत, पण त्याशिवाय सगळ्या इमारतीभोवती लोखंडी पट्ट्या फिरवल्या आहेत, खिडक्यांच्या आडव्या गजांत लपवून. पावणेआठशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने दगडाला लोखंडाचा कमरपट्टा बांधला, आणि पाहणाऱ्याला तो कळतही नाही.

लोखंडाची दुसरी बाजूही आहे. दगडांचे सांधे जखडायला घातलेल्या जुन्या लोखंडी पट्ट्यांपर्यंत पाणी पोहोचलं की गंज चढतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पटींनी जास्त जागा घेतो आणि दगड आतून फोडतो. कोपऱ्यावरचा दगड एकाच रेषेत तडकलेला दिसला तर आधी गंजलेलं लोखंड शोधावं. नवी पट्टी घालायची तर ती स्टेनलेस स्टीलची.

आता भिंत. आपल्या भागातला दगड म्हणजे काळा बेसॉल्ट, दख्खनच्या लाव्हारसाचा. काळाराम मंदिर त्याचंच, वाड्यांची जोती त्याचीच. हा दगड घट्ट असतो, पाणी फारसं पीत नाही. त्यामुळे लोकांना वाटतं की दगडी भिंतीला पाण्याचं काय भय! पण जुनी जाड भिंत सबंध दगडाची नसते. आतून-बाहेरून घडीव दगडांचे दोन पदर आणि मध्ये खडी-चुन्याचा भराव. पाणी दगडातून जात नाही, ते दर्जांमधून, म्हणजे दोन दगडांच्या सांध्यांमधून जातं. दगड जितका घट्ट, तितका सगळा भार दर्जांवर. आत शिरलेली ओल बाहेर पडायची वाटही तीच.

त्या दर्जांत चुना आहे, आणि या सगळ्या विषयाचं मर्म तिथेच आहे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातलं की तो उकळतो, फुलतो, विरतो. मग वाळू, विटांची सुरकी मिसळून तो घाणीत मळायचा. दगडी चाक बैलांनी गोल फिरवायची ती घाणी जुन्या लोकांनी पाहिलेली असेल. गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर, उडदाचं पीठ अशा गोष्टी जागोजागच्या रिवाजाप्रमाणे त्यात पडत. भिंतीत बसल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि सावकाश पुन्हा चुनखडीच होतो. ही क्रिया वरून आत जाते आणि जाड भिंतीत ती वर्षानुवर्षं चालू राहते.

अशा चुन्याचे दोन गुण सिमेंटमध्ये नाहीत. एक, तो ओल बाहेर जाऊ देतो. दोन, तो दगडापेक्षा मऊ असतो. इमारत थोडी हलली, उन्हाने प्रसरण पावली तर झीज चुन्याची होते, दगड वाचतो. बारीक भेगांत पाणी शिरून थोडा चुना विरघळतो आणि तो पुन्हा साचून भेग भरून निघते, असंही होतं. झिजलेला चुना खरवडून नवा भरणं म्हणजे दर्जा भरणं. ते दर काही दशकांनी करायचं काम आहे आणि त्यात इमारतीचा काही दोष नाही.

सिमेंट याच्या नेमकं उलटं वागतं. ते कडक असतं आणि ओल अडवतं. जमिनीतून वर चढलेली किंवा छताकडून उतरलेली ओल सिमेंटच्या थरामागे कोंडते. बाहेर पडायला वाट नाही म्हणून ती आणखी वर चढते. तिच्याबरोबर क्षार येतात. जिथे पाणी सुकतं तिथे त्यांचे स्फटिक होतात, फुगतात आणि दगडाची किंवा प्लास्टरची कातडी सोलून काढतात. भिंतीवर पांढरी बुरशी आली असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा हेच मीठ असतं. सिमेंट लावल्यावर दोन-तीन वर्षं भिंत छान कोरडी दिसते, म्हणून काम करून घेणाऱ्यांना ते पटतं. पाचव्या-सहाव्या पावसाळ्यात प्लास्टरचे मोठमोठे पापुद्रे सुटतात तेव्हा ठेकेदार दुसऱ्या गावी असतो. ऑइलपेंट आणि प्लास्टिक पेंटही हेच करतात, फक्त पातळ थरात. चुन्याच्या भिंतीला चुन्याचीच सफेदी.

गुळगुळीत टाइल्सचं काम याच कारणाने फसतं. जुनी शहाबादी किंवा दगडी फरशी सांध्यांतून जमिनीची ओल थोडी थोडी सोडत असते. तिच्यावर न झिरपणारी टाइल बसवली की ती सगळी ओल कडेला सरकते आणि भिंतीत चढते. मग भिंतीला वॉटरप्रूफिंग. त्यावर पुन्हा खर्च.

आणि फॉल्स सीलिंग? त्याने कैची, वासे, कौलं नजरेआड जातात. गळती, वाळवी, उंदरांनी कुरतडलेली वायर यांतलं काहीच दिसत नाही. वरची गरम हवा झरोक्यांतून निघून जायची सोयही बंद होते, आणि आपल्या हवामानात उंच छत मुळात त्याचसाठी असतं.

रंगीत काचेच्या खिडक्या हा वेगळा हुन्नर आहे. काचेचे तुकडे शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत बसवलेले असतात. काच टिकते, शिसं थकतं : उन्हाने प्रसरण-आकुंचन होऊन ते कमजोर पडतं आणि सबंध खिडकी पोटाशी फुगते. साधारण शे-सव्वाशे वर्षांनी शिसं बदलावं लागतं. त्याआधी प्रत्येक तुकड्याचा फोटो, कागदावर ठसा आणि क्रमांक, मगच खिडकी उतरवायची. सिलिकॉन किंवा एम-सील भरून फटी बुजवलेल्या खिडक्या मी पाहिल्या आहेत. तो लगदा नंतर काढताना काचेवरचं भाजलेलं रेखाटन निघून येतं. सँत-शापेलच्या खिडक्यांचं मोठं काम २००८ ते २०१५ या काळात झालं. काचा लेसरने स्वच्छ केल्या आणि बाहेरून दुसऱ्या काचेचा संरक्षक पडदा उभारला, पण मधल्या पोकळीत हवा खेळती ठेवून. ती हवा नसती तर आत दमटपणा कोंडून जुन्या काचेचं जास्तच नुकसान झालं असतं. आपल्याकडे दगडफेकीच्या किंवा चेंडूच्या भीतीने खिडकीला बाहेरून पॉलिकार्बोनेटचा पत्रा ठोकतात, तेव्हा नेमकी ही फट ठेवायचं राहून जातं.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर, कारण दुरुस्तीच्या यादीत तो नसतोच. हार्वर्डमधले भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाईन यांनी १८९० च्या दशकात एक साधं सूत्र शोधलं : खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये, त्याला ०.१६१ ने गुणायचं आणि आवाज शोषणाऱ्या क्षेत्रफळाने भागायचं. उत्तर येतं ते घुमण्याचा काळ सेकंदांत. समजा दालन ३० मीटर लांब, १२ रुंद, १२ उंच. घनफळ ४३२० घनमीटर. दगड, गिलावा, लाकूड मिळून शोषण १५० चौरस मीटरइतकं धरलं तर रिकाम्या दालनात आवाज साडेचार सेकंदांहून जास्त घुमतो. आता ४०० माणसं येऊन बसली. एक माणूस साधारण अर्ध्या चौरस मीटरएवढा आवाज शोषतो, म्हणजे २०० ची भर. काळ दोन सेकंदांवर येतो. बोलणं स्पष्ट कळायला एक सेकंदाच्या आसपास हवा. संथ समूहगायनाला दोन किंवा जास्तही चालतो.

युरोपातल्या चर्चमधलं संथ, लांब सुरांचं गायन दगडी घुमण्यात शोभतं. मराठी मंडळीत मात्र रेव्हरंड नारायण वामन टिळकांपासून अभंग आहेत, भजनं आहेत, कीर्तन आहे, साथीला तबला आणि टाळ. तबल्याचा द्रुत ठेका चार सेकंद घुमणाऱ्या दालनात नुसता गलका होतो. म्हणून आपल्या चर्चची गरज वेगळी आहे, आणि गुळगुळीत टाइल्स व काच वाढवली की ती आणखी बिघडते. उपाय स्वस्त आहेत : मधल्या वाटेवर काथ्याची चटई, बाकांवर गाद्या, मागच्या भिंतीला जाड पडदा, आणि समोर दोन मोठे स्पीकर गरजवण्याऐवजी खांबाखांबावर कमी आवाजाचे लहान स्पीकर. यांतल्या कशासाठीही भिंत फोडावी लागत नाही.

आगीचा धोका दुरुस्तीच्या काळातच सर्वात जास्त असतो. पॅरिसचं नोत्र-दाम १५ एप्रिल २०१९ ला पेटलं तेव्हा त्याच्याभोवती दुरुस्तीसाठी परांची उभी होती. छतातलं मध्ययुगीन ओकचं लाकूड जळालं, मनोरा कोसळला. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यातली २० नोव्हेंबर १९९२ ची आग तर तिथल्या खासगी चॅपेलमध्येच लागली, दिव्याची उष्णता पडद्याला लागून. आपल्याकडे नाताळात छताला रोषणाई होते, जुन्या सागवानाला खिळे ठोकून कच्ची वायर ओढली जाते. दुरुस्तीच्या पैशांतला पहिला वाटा नव्या वायरिंगला, एमसीबीला आणि वीजरोधकाला द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. संगमरवर नंतर.

किती बदलावं, हा शेवटी ज्याच्या त्याच्या विवेकाचा भाग राहतो, पण त्याला काही नियम आहेत. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने दोन गोष्टी सांगितल्या : जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवा घातलेला भाग जुन्याशी जुळावा पण जुना म्हणून खपू नये. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपेलमध्ये, जिथलं पंख्यासारखं पसरलेलं दगडी छत १५१५ मध्ये पूर्ण झालं, सतराव्या शतकातला चित्रकार रूबेन्स याचं चित्र नीट बसावं म्हणून १९६० च्या दशकात पूर्वेकडची जमीन उतरवून सपाट केली गेली. त्यावरचा वाद शमलेला नाही. त्याच चॅपेलच्या शिशाच्या छपराची दुरुस्ती अलीकडे निघाली तेव्हा २०२३ मध्ये वर ४३८ सौर पॅनल बसवले. मला दुसरा निर्णय पटतो, पहिला पटत नाही. पॅनल उद्या उतरवता येतील आणि खालचं छत तसंच असेल. उकरलेली जमीन परत आणता येत नाही.

प्रत्यक्ष कामाला लागायचं तर पहिलं वर्ष पाहण्यात घालवावं. प्रत्येक तड्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची आणि तारीख लिहायची. पट्टी तुटली तर तडा जिवंत आहे, पाया किंवा छताकडे बघायला हवं. नाही तुटली तर तो जुना, शांत झालेला तडा. त्यात चुना भरून पुरे. एक सबंध पावसाळा आत उभं राहून पाणी कुठून येतं ते टिपायचं. गळतं तिथे डाग पडतो असं नसतं, पाणी वाशावरून दहा-बारा फूट सरकून दुसरीकडेच उतरतं.

मग क्रम : आधी छत, पन्हाळी आणि बाहेरचा निचरा, नंतर भिंती, शेवटी फरशी आणि रंग. छताचं काम मेअखेर संपायला हवं. भिंतीतलं जुनं सिमेंट छिन्नी-हातोडीने, ब्रेकर न लावता काढायचं आणि भिंत काही महिने तशीच उघडी ठेवून वाळू द्यायची. इथेच मंडळीचा धीर सुटतो, कारण उघडी भिंत कुरूप दिसते आणि नाताळ जवळ आलेला असतो. चुन्याचं काम पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून थंडीपर्यंत करावं, ओली गोणपाटं टाकून. एप्रिलच्या उन्हात चुना जमण्याआधीच सुकतो आणि हाताने चोळला तरी भुगा होतो. चुन्याचं काम जाणणारे गवंडी नाशिक परिसरात आजही मिळतात, कारण जुन्या मंदिरांची आणि वाड्यांची कामं निघत असतात. कंत्राट देण्याआधी त्यांच्याकडून एका बाजूला हातभर भिंत करून घ्यावी आणि ती एका पावसाळ्यातून जाऊ द्यावी.

त्यानंतरचा खर्च किरकोळ आहे. दरवर्षी मे महिन्यात पन्हाळीतला पाला काढणं, फुटलेली मंगलोरी कौलं बदलणं, भिंतीलगतची माती इमारतीपासून दूर उताराची करणं. धिऱ्याच्या खाचेत पिंपळाचं रोप दिसलं तर ते ओढून काढू नये, मुळं दगड घेऊन येतात. बुंध्याशी कापून मुळात औषध सोडावं आणि मेल्यावर ती जागा चुन्याने भरावी. आणि हे सगळं एका वहीत तारखेसह लिहून ती पाळकसाहेबांच्या कपाटात नव्हे, तर चर्चच्या दप्तरात ठेवावी, कारण पाळकांची बदली होते.